दोन ठोक्यांमधला नेम

बिबवेवाडीतून सकाळी पर्वतीला जाणाऱ्यांपैकी ज्यांचे गुडघे आणि हृदय ठणठणीत आहे, त्यांनी एक प्रयोग करून बघावा. १०३ पायऱ्या भरभर चढायच्या आणि वर पोहोचल्याबरोबर सुईत दोरा ओवायचा. दोरा काही ओवला जात नाही. छाती भात्यासारखी हलत असते आणि नाडी बोटांच्या टोकापर्यंत जाणवते.

बायथलॉन या बर्फावरच्या खेळात हेच करावे लागते. स्कीइंग करत धापा टाकत यायचे, पाठीवरची रायफल काढायची आणि ५० मीटरवरची पाच लक्ष्ये टिपायची. पालथे पडून नेम धरताना लक्ष्य जेमतेम ४५ मिलिमीटरचे, म्हणजे लिंबाएवढे असते. इटलीच्या डोरोथिआ वीरर हिने २०१८-१९ आणि २०१९-२० अशा सलग दोन मोसमांत या खेळाचा विश्वचषक जिंकला.

आपल्याकडे बर्फ नाही, पण असा नेम आहे. पुण्यात स्थायिक झालेल्या अंजली भागवत यांची कारकीर्द त्याची साक्ष देते. मुंबईच्या कीर्ती कॉलेजात एनसीसीमुळे त्या नेमबाजीकडे वळल्या. २००० मध्ये सिडनी ऑलिंपिकची अंतिम फेरी त्यांनी गाठली. २००२ मध्ये मँचेस्टरच्या राष्ट्रकुल स्पर्धेत चार सुवर्णपदके मिळवली आणि त्याच वर्षी एअर रायफलमध्ये त्या जगात अव्वल ठरल्या. २००३ मध्ये इटलीतल्याच मिलान शहरात त्यांनी विश्वचषकाची अंतिम स्पर्धा ४०० पैकी ३९९ गुणांसह जिंकली. या प्रकारात दहा गुणांचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो आणि तो दहा मीटरवरून, उभे राहून टिपायचा असतो.

इथे कोणी धावत येत नाही. मग अडचण काय? अडचण असते हृदयाची. प्रत्येक ठोक्याला रक्ताची लाट धमन्यांतून पुढे जाते. तिचा बारीकसा हिसका हातातून आणि खांद्यातून रायफलच्या नळीपर्यंत पोहोचतो. नाडी मिनिटाला ७२ असेल, तर एका ठोक्यापासून दुसऱ्यापर्यंत सुमारे ०.८ सेकंद जातात आणि त्यातला साधारण अर्धा सेकंद हृदय शिथिल असते. नाडी १५० वर गेली की हा निवांत काळ निम्म्याहूनही कमी होतो. मुरलेले नेमबाज श्वास सोडून झाल्यावर क्षणभर थांबतात आणि ठोक्यांमधल्या त्या शांत जागेत चाप ओढतात. हे ठोके मोजून जमत नाही. वर्षानुवर्षांच्या सरावाने ते अंगवळणी पडते. म्हणूनच नेमबाजाच्या दिनक्रमात गोळी न भरता केलेल्या सरावाइतकेच महत्त्व व्यायामाला आणि श्वासाच्या अभ्यासाला असते.

यावर एक चोरवाटही आहे. प्रोप्रॅनोलॉलसारखी ‘बीटा ब्लॉकर’ औषधे हृदयाचे ठोके मंदावतात आणि हातांची थरथर कमी करतात. नेमबाजीत त्यांच्यावर बंदी आहे. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये उत्तर कोरियाच्या किम जोंग-सू याला याच औषधामुळे दोन पदके परत करावी लागली.

खेळाडूला त्यात पदक गमवावे लागते, इतरांच्या जिवावर बेतू शकते. मुलाखत, तोंडी परीक्षा किंवा रंगमंचावरच्या पहिल्या प्रवेशाआधी ‘धडधड थांबते’ म्हणून कुणाच्या तरी पाकिटातली गोळी घेणे धोक्याचे आहे. दमा असलेल्यांच्या श्वासनलिका या औषधाने आकसू शकतात. इन्सुलिन घेणाऱ्या मधुमेहींमध्ये साखर उतरल्याची छातीतली धडधड आणि थरथर ही लक्षणे झाकली जातात. ज्यांना डॉक्टरांनीच हे औषध दिले आहे, त्यांनी ते मनाने अचानक बंद करणेही तितकेच वाईट.

१ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसमध्ये कांस्यपदक मिळवणारा स्वप्नील कुसाळे कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचा आणि त्या वेळी पुण्यात रेल्वेच्या नोकरीत होता. त्याच्या प्रशिक्षक दीपाली देशपांडे २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये अंजली भागवत यांच्याबरोबर भारतीय संघात होत्या. एका पिढीने कमावलेली स्थिरता पुढच्या पिढीला अशी शिकवता येते.

आपल्यालाही त्यातले थोडे उचलता येईल. नियमित चालण्याने विश्रांतीच्या वेळची नाडी हळूहळू खाली येते. घाबरल्यावर श्वास घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ दिला, तर ठोके मंदावायला मदत होते. आणि चढ चढून थांबल्यावर लगेच, मग एका मिनिटाने नाडी मोजावी. ती वारंवार १२ ठोक्यांइतकीही उतरत नसेल, तर डॉक्टरांशी बोलावे. चढताना ती वाढणारच. थांबल्यावर किती लवकर उतरते, यावर हृदयाची तयारी कळते.