पदकाच्या कडेवरची झाशी

मोहीम-पदक, म्हणजे एखाद्या युद्धमोहिमेत भाग घेतलेल्या सर्वांना सरसकट दिले जाणारे पदक, जाणकाराच्या हाती आले की तो चित्रांकडे पाहण्याआधी त्याची कड पाहतो. कारण 1857-58 च्या उठावाबद्दल ब्रिटिशांनी वाटलेल्या चांदीच्या पदकांवर, जी सुमारे 2 लाख 90 हजार होती, एका बाजूस राणी व्हिक्टोरियाचे मस्तक आणि दुसऱ्या बाजूस सिंहासह उभी ब्रिटानिया सर्वत्र तीच असून, माणूस ओळखू येतो तो कडेवरील नावावरून. ही अक्षरे कोरलेली नसून पोलादी ठशांनी दाबलेली असतात, म्हणून भिंगाखाली त्यांच्या खाचा एकसारख्या दिसतात. जुने नाव घासून दुसरे घातले असेल तर कड झिजते आणि 36 मिलिमीटरचा व्यास मोजपट्टीवर किंचित कमी भरतो. ब्रिटिश पलटणींच्या पदकांवर बहुधा नाव आणि पलटण एवढेच आढळते, शिपायाचा क्रमांक नसतो, त्यामुळे तीच ती नावे पुन्हापुन्हा येणाऱ्या आयरिश पलटणीत कडेवर विसंबून चालत नाही आणि लंडनमधील क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारातील पदक-याद्या उघडाव्याच लागतात.

86 व्या, अर्थात रॉयल काउंटी डाउन पलटणीतील, आयर्लंडमधील विकलो परगण्याचा जेम्स बर्न हा असाच एक शिपाई. 3 एप्रिल 1858 रोजी झाशीवरील हल्ल्यात त्याने कॅप्टन जेरोमच्या मदतीने जबर जखमी झालेल्या लेफ्टनंट स्यूएलला भर गोळीबारातून सुरक्षित जागी नेले आणि त्या वेळी स्वतः तलवारीचा वार सोसला; या कृत्याबद्दल त्याला व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे शौर्याचा सर्वोच्च ब्रिटिश सन्मान, मिळाला. त्या काशाच्या क्रॉसच्या पाठीवर पराक्रमाची तारीख कोरण्याचा प्रघात आहे. मोहीम-पदकावर तसे काही नाही: दोन लाल पट्टे असलेल्या पांढऱ्या फितीवर बसवलेली चांदीची आडवी पट्टी, जिला क्लास्प म्हणतात, ती फक्त 'सेंट्रल इंडिया' एवढे सांगते. दिल्लीला स्वतंत्र क्लास्प आहे, लखनौला तर तीन आहेत. झाशी, काल्पी आणि ग्वाल्हेर मात्र एकाच पट्टीत कोंबलेली आहेत. मोहिमेचा नकाशा पाहता ही वाटणी सोयीची ठरते, न्याय्य मुळीच नाही.

मराठी वाचकाला या पट्टीमागील शहर दुसऱ्या एका दप्तरातून ठाऊक आहे. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे त्या दिवसांत झाशीतच होते आणि शहर पडल्यावर गोऱ्या फौजेने घरोघर केलेली कत्तल व लूट त्यांनी 'माझा प्रवास' या ग्रंथात नोंदवली, जो चिं. वि. वैद्य यांनी 1907 मध्ये प्रसिद्ध केला. बर्नचे धैर्य खरेच होते, आणि ज्या हल्ल्यात ते दिसले त्याच हल्ल्याने शहर कत्तलीच्या तोंडी गेले, हेही खरे. शिपायाची ओळख पटवण्यास पदक उत्तम पुरावा आहे. झाशीचे काय झाले यासाठी ते निकामी आहे, आणि तेथे गोडसेभटजींचीच साक्ष धरावी लागते.