पद्मिनीचा पत्रा उघडताना

जुनी प्रीमियर पद्मिनी विकत घ्यायला निघालेल्या माणसाच्या खिशात एक लोहचुंबक हवा. लहानसाच, आणि रुमालात गुंडाळलेला, म्हणजे रंगावर ओरखडा उठायला नको. दाराखालच्या पट्टीवर, चाकांच्या कमानींवर, डिकीच्या कडेला तो टेकवत जायचा. चिकटला तिथे पत्रा आहे. सुटून हातात आला तिथे रंगाखाली पुट्टी आहे, आणि पुट्टीखाली काय उरलंय ते फक्त ग्राइंडर सांगेल. काम हजारांत आटोपणार की लाखांत जाणार, याचा निम्मा अंदाज या पाच मिनिटांत येतो. इंजिनाचा आवाज, सीटचं कापड, रंगाची चमक हे सगळं नंतर.

पत्र्याला एवढं महत्त्व का? ट्रकला किंवा जुन्या जीपला खाली दणकट चासी असते. वरची बॉडी कुजली तरी गाडी उभी राहते. पद्मिनीला तसा वेगळा सांगाडाच नाही. १९५३ साली जिनिव्हाच्या प्रदर्शनात फियाटने ११००/१०३ ही गाडी मांडली, तिचा हा वंश. पातळ पत्र्याचे तुकडे दाबून वाकवायचे, कडा एकमेकींवर ठेवून स्पॉट वेल्डिंगने जागोजागी जोडायच्या, आणि फरशी, पट्ट्या, खांब, छप्पर यांची मिळून एकच पेटी करायची. भार ती पेटीच पेलते. त्यातला बराचसा पत्रा जाडीला मिलिमीटरभर, किंवा त्याहूनही कमी. सपाट असेल तर हाताने वाकेल. तोच दुमडून बंद पोकळ पट्टी केली, की इंजिन, टाकी आणि पाच माणसं तोलून धरतो. ताकद धातूत आहे त्याहून जास्त त्याच्या घडीत आहे.

आणि पाणी साचतं ते नेमकं या पोकळीत. गंजणं ही मुळात विजेची प्रक्रिया आहे: लोखंडाच्या एका ठिपक्यावरून इलेक्ट्रॉन निघतात, दुसऱ्या ठिपक्यावर पाण्यातल्या ऑक्सिजनला मिळतात. पाण्यात मीठ असलं की वीज सहज वाहते आणि काम जलद होतं. मुंबईची खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस यांनी दुसरं काय करायचं ठेवलंय? पण खरी गंमत पुढे आहे. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो. दोन पत्र्यांच्या सांध्यात शिरला की तो फुगतो, पत्रे एकमेकांपासून ढकलतो, वेल्डिंगचे ठिपके उखडतो. फट रुंदावली की आणखी पाणी आत. वरचा रंग शाबूत असताना आत हा उद्योग वर्षानुवर्षं चालू राहतो.

म्हणून पत्रा उघडण्याआधी जो गॅरेजवाला एकच ठोक आकडा सांगतो, तो अंदाजपंचे सांगतो, मग माणूस कितीही प्रामाणिक असो. शहाणपणाची आखणी दोन टप्प्यांची असते. पहिल्या टप्प्यात फक्त गाडी उघडण्याचे पैसे ठरवायचे: सीट, काचा, वायरिंग, इंजिन सगळं बाहेर, रंग आणि पुट्टी खरवडून पत्रा उघडा. प्रत्येक नटबोल्ट चिठ्ठी लावलेल्या पिशवीत, सुटं करण्याआधी प्रत्येक जोडाचा फोटो. मग डेंटर, मेकॅनिक आणि मालक यांनी त्या उघड्या पेटीभोवती उभं राहून दुसऱ्या टप्प्याचं अंदाजपत्रक करायचं. त्यातही पाव हिस्सा तरी ‘न दिसलेल्या’साठी बाजूला ठेवायचा. माझ्या मते तो ठेवण्याची ऐपत नसेल, तर गाडी उघडूच नये. उघडलेली आणि पैशांअभावी पडून राहिलेली गाडी भंगारात जाते. बंद गाडी निदान विकता येते.

दाराखालची पट्टी कापून काढण्याचं काम पाहण्यासारखं असतं. ती पट्टी म्हणजे गाडीचा कणा. ती तशीच कापली तर गाडी मधोमध खाली बसते, आणि त्या अवस्थेत नवी पट्टी जोडली तर वाकलेली गाडी कायमची पक्की होते. मग दारं लागत नाहीत, काचेचं रबर बसत नाही. म्हणून चांगला डेंटर आधी दाराच्या चौकटीत आडव्या-तिरक्या नळ्या तात्पुरत्या वेल्ड करतो, एका वेळी एकच बाजू कापतो, आणि मधूनमधून दार बसवून भोवतीची फट वरपासून खालपर्यंत सारखी आहे ना ते बघतो. या कामात शेकडो तास सहज जातात. खर्चाचा मोठा वाटा तिथेच असतो, आणि रंग लागल्यावर त्यातलं काहीच दिसत नाही.

इंजिन त्या मानाने सरळ गडी. सिलिंडरचा व्यास ६८ मिलिमीटर, स्ट्रोक ७५ मिलिमीटर, असे चार. गुणाकार केला की १,०८९ सीसी. इटलीत ११००डी या गाडीसाठी फियाटने व्यास ७२ केला आणि इंजिन १,२२१ सीसीचं झालं. भारतात मात्र त्या गाडीचा साचा आला आणि इंजिन राहिलं आधीचंच. झिजलेला सिलिंडर रीबोअर करून किंचित मोठा करायचा, मापाचे पिस्टन घालायचे. मर्यादा संपली की स्लीव्ह ठोकून पुन्हा मूळ मापावर यायचं. लेथवाल्याला यात नवीन काही नाही, आणि दरही आधी कळतो.

सुट्या भागांची गोष्ट मोठी मजेची आहे. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा कारखाना कुर्ल्यात होता. १९६४ साली तिथून ‘फियाट ११०० डिलाइट’ निघाली, १९७४ साली तीच ‘पद्मिनी’ झाली, आणि शतक सरेपर्यंत बनत राहिली. त्याच कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर पुढे जुन्या गाड्यांच्या भागांचा बाजार फोफावला. मुंबईत हजारोंनी काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सी धावत होत्या, त्यामुळे क्लच प्लेट, ब्रेक लायनर, गास्केट, बेअरिंग यांचा पुरवठा छोट्या कारखान्यांनी चालू ठेवला. शेवटची पद्मिनी टॅक्सी नोंदली गेली ऑक्टोबर २००३ मध्ये; वीस वर्षांची मुदत भरून ऑक्टोबर २०२३ मध्ये ती रस्त्यावरून गेली. तिचा ठसा सुट्या भागांच्या बाजारावर अजून आहे. टॅक्सीवाल्याला जे लागायचं ते आजही मिळतं. जे लागत नसे, ते मिळत नाही. म्हणजे किंगपिन सापडेल, पण दाराच्या आतली मूळ चमकपट्टी, डॅशबोर्डवरचं घड्याळ, नावाची धातूची अक्षरं शोधायला महिने जातील. डिलाइट करायची तर हे अधिकच. म्हणून असले नाजूक भाग बघून गाडी निवडावी: इंजिन खराब पण सगळ्या पट्ट्या जागच्या जागी असलेली गाडी, इंजिन ठणठणीत पण आतून लुटलेल्या गाडीपेक्षा स्वस्त पडते.

आता आधुनिकीकरण. इथे एक धागा ओढला की स्वेटरची सगळी वीण हलते. उदाहरण एसीचंच घ्या, कारण बहुतेकांना तोच हवा असतो. कॉम्प्रेसर इंजिनाच्या पट्ट्यावर चालणार, म्हणजे जेमतेम चाळीस अश्वशक्तीतून दोन-तीन तरी तो खाणार. कंडेन्सर रेडिएटरच्या पुढे बसणार. त्यातून तापलेली हवा रेडिएटरला मिळणार, म्हणजे रेडिएटर जाड हवा आणि विजेचा पंखा हवा. पंख्याला आणि ब्लोअरला वीज हवी. जुन्या फियाटचा डायनामो अडीचशे वॉटच्या आतबाहेर देणारा, आणि सिग्नलवर इंजिन मंद झालं की तेवढीही नाही. दोन हॅलोजन दिवेच त्यातले ११०-१२० वॉट नेतात. म्हणजे अल्टरनेटर हवा, जाड वायरिंग हवं, रिले हवेत. पुढचं वजन वाढलं, स्प्रिंग बघा. आणि हे सगळं झाल्यावर कळतं, की दारांची रबरं गळकी आहेत आणि छताखाली उष्णतारोधक थर नाही, त्यामुळे गार हवा टिकत नाही. एसीच्या किटची किंमत म्हणजे या यादीचा पहिला आकडा फक्त.

माझं मत विचाराल तर क्रम उलटा हवा: आधी ब्रेक, मग सीटबेल्ट, मग वायरिंग, गारवा उरलेल्या पैशांत. चार माणसं बसलेली पद्मिनी १,२०० किलोच्या घरात जाते. ताशी ६० वर तिच्यात जेवढी ऊर्जा असते, त्याच्या सव्वादोन पट ताशी ९० वर असते. वेग दीडपट झाला की ऊर्जा दीडाच्या वर्गाने वाढते. ती सगळी ब्रेकने उष्णतेत बदलायची, आणि पद्मिनीचे चारही ड्रम बंद डब्यासारखे. घाटात उतरताना ते तापतात आणि पायाखालची पकड ढिली होते. म्हणून दुसऱ्या गाडीचं तगडं इंजिन बसवायचं आणि ब्रेक तेच ठेवायचे, याला मी हौस म्हणणार नाही.

सीटबेल्टचं गणित त्याहून चकित करणारं. ७० किलोचा माणूस ताशी ५० वरून अर्ध्या मीटरमध्ये थांबवायचा, तर पट्ट्यावर सरासरी १,४०० किलो वजनाइतकी ओढ येते. मिलिमीटरभर पत्र्याला भोक पाडून बोल्ट लावला तर तो पत्रा फाडून बाहेर येईल. मागे जाड पोलादी प्लेट वेल्ड करायलाच हवी, आणि ती गाडी उघडी असतानाच. रंगानंतर आठवलं तर रंग पुन्हा. आखणी म्हणतात ती बरीचशी हीच: कुठलं काम कोणाच्या आधी.

बरं, काहीच आधुनिक करायचं नाही, सगळं मूळचंच ठेवायचं ठरवलं तरी सुटका नाही. कारण पेट्रोल मूळचं राहिलेलं नाही. आता पंपावर मिळतं त्यात वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते जुन्या रबरी नळ्या आणि गाडीच्या इंधनपंपाचा पडदा मऊ करतं, हवेतलं पाणी ओढून घेतं, आणि जास्त दिवस उभ्या गाडीच्या टाकीत तेच पाणी गंज धरतं. शिवाय एक किलो पेट्रोल जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते, एक किलो इथेनॉलला फक्त नऊ. नव्या गाडीचा सेन्सर धुरातला ऑक्सिजन मोजून इंधन वाढवतो. कार्बुरेटरमध्ये फक्त जेटचं एक ठराविक भोक; त्याला यातलं काही कळत नाही, मिश्रण फिकं होतं आणि गाडी अडखळते. इलाज स्वस्त आहे: इथेनॉल सोसणाऱ्या नळ्या, नवा पडदा, थोडा मोठा जेट. फक्त अंदाजपत्रकात ती ओळ हवी.

क्रोमबद्दल एवढंच सांगतो, की बंपरवर दिसणारा क्रोमचा थर सहसा एका मायक्रॉनपेक्षाही पातळ असतो. झळाळी येते ती त्याखालच्या निकेलमधून आणि त्याखाली माणसाने तासन्‌तास केलेल्या पॉलिशमधून. पैसे त्या पॉलिशचे.

कागदपत्रांचा निर्णय मात्र सगळ्यांत आधी व्हावा. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांपेक्षा जुन्या, मूळ रूपात राखलेल्या खासगी गाडीला ‘व्हिंटेज’ म्हणून वेगळी नोंदणी आणि ‘व्हीए’ अक्षरांचा क्रमांक मिळतो. नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये. पद्मिनी नावाच्या पहिल्या गाड्या २०२४ साली या उंबरठ्यावर आल्या. पण अशी गाडी प्रदर्शन, रॅली, इंधन भरणं, दुरुस्ती अशा कारणांसाठीच रस्त्यावर काढता येते. रोज ऑफिसला नेता येत नाही. ज्याला गाडी खरोखर चालवायची आहे त्याने साधी नोंदणीच ठेवावी, दर पाच वर्षांनी आरटीओची तपासणी आणि पर्यावरण कर सोसावा. दोन्ही वाटांवर एक गोष्ट समान: मूळ नोंदणीतला तपशील बदलेल असा फेरफार मोटार वाहन कायद्याचं ५२वं कलम परवानगीशिवाय करू देत नाही. इंजिन बदललं तर नोंद हवी. विजेवर चालवायची तर किट पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेने मंजूर केलेलं हवं, आणि मग व्हिंटेजचा दावा सोडायचा.

इतकं करून हिशेब मांडला, तर गाडीवर झालेला खर्च तिच्या विक्रीच्या किमतीपेक्षा बहुधा जास्तच निघतो. हौशी लोक हे पहिल्या दिवशीच मान्य करतात आणि पुढे विषय काढत नाहीत. अंदाजपत्रकाची शेवटची ओळ मात्र बहुतेक जण विसरतात: गाडी गॅरेजबाहेर आल्यानंतरच्या पहिल्या काहीशे किलोमीटरची. नव्या पिस्टन रिंगा सिलिंडरमध्ये बसेपर्यंत तेल काळं होतं, ते लवकर बदलावं लागतं. हेडचे बोल्ट पुन्हा आवळायचे, ब्रेकची फट पुन्हा लावायची. दारं एव्हाना किंचित उतरलेली असतात. डेंटरला एक दिवसाची मजुरी आधीच कबूल करून ठेवावी.