हायब्रीड मोटारीची बॅटरी उतरवितांना

आमचा भाचा न्यू जर्सींत राहतो. गेल्या उन्हाळ्यांत आम्ही त्याच्याकडे गेलों, तेव्हां त्यानें आपल्या २००४ सालच्या टोयोटा प्रियसची मोठी बॅटरी स्वतः उतरविण्याचें मनांत घेतलें होतें. शेजारीं एक जाणता मोटार-कारागीर मदतीस होता. नाहीं तर आम्ही विरोधच केला असता.

ह्या मोटारींत मागच्या आसनापाठीमागें निकेल-धातु-हायड्राइडचे २८ संच एकामागून एक जोडलेले असतात. प्रत्येक ७.२ व्होल्टांचा, एकूण २०१.६. आपल्या घरांतील २३० व्होल्टांहून हा आंकडा लहान दिसला, तरी प्राण घेण्यास पुरेसा आहे.

प्रथम मोटार बंद करून किल्ली दूर ठेवावी. मग १२ व्होल्टांच्या लहान बॅटरीची ऋण तार सोडवावी, आणि १००० व्होल्टांचे रबरी हातमोजे घालून नारिंगी मुठीचा सुरक्षा-प्लग ओढून काढावा. तो स्वतःच्याच खिशांत ठेवावा. एरवीं कोणी परोपकारी मनुष्य तो पुन्हां बसवावयाचा! मोजे घालण्यापूर्वीं त्यांचें तोंड गुंडाळून आंत हवा कोंडून पाहावी. भाच्याच्या एका मोज्यांतून ती हळूच निसटली. काम दुसऱ्या दिवसावर गेलें. तो चिडला, आमचा जीव मात्र भांड्यांत पडला.

प्लग काढल्यावरहि पांच मिनिटें थांबावें लागतें. इन्व्हर्टरच्या कंडेन्सरमध्यें, जेथें दाब ५०० व्होल्टांपर्यंत चढतो, वीज साठलेली असते. ती ओसरल्यावर मीटरनें शून्य पाहूनच पुढें जावें.

फसगत होते ती यानंतर. प्लग निघाला म्हणजे मोटारीच्या नारिंगी तारा निर्जीव होतात, बॅटरी होत नाहीं. तिचे केवळ दोन तुकडे पडतात, आणि त्यांतील एकांत तरी शंभरावर व्होल्ट शिल्लक असतात. म्हणून तांब्याच्या जोडपट्ट्या सोडवितांना हातमोजे तसेच ठेवावे, पानाहि विद्युत्‌रोधक आवरणाचा घ्यावा, आणि अंगावर धातूचें कांहीं नसावें. भाच्याची साखरपुड्याची अंगठी कांहीं केल्या निघेना. शेवटीं आमच्या सौभाग्यवतींनीं साबण लावून ती ओढून काढली व आपल्या पदरास बांधली.

नवे मोजे आल्यावर दोघांनीं मिळून तें सुमारें चाळीस किलोंचें ओझें बाहेर उचललें. आमच्याकडे काम होतें तें घड्याळाकडे पाहून पांच मिनिटें मोजण्याचें. आम्हीं सात मोजलीं.