पॉवर स्प्रेच्या जुन्या इंजिनातील इंधनाचे दोष : ओळख व उपाय



कपाशीवरील गुलाबी बोंडअळीसाठी कामगंध सापळ्यात सलग तीन रात्री प्रत्येकी ८ पतंग आढळले, किंवा १० टक्के फुलांवर वा बोंडांवर प्रादुर्भाव दिसला, की फवारणी लांबवून चालत नाही. अळी एकदा बोंडात शिरली म्हणजे औषध तिच्यापर्यंत पोहोचत नाही. मोसंबीवरील कोळी आणि तुरीवरील शेंगा पोखरणाऱ्या अळीच्या बाबतीतही वेळेलाच महत्त्व असते. नेमक्या अशा वेळी पाठीवरचा पॉवर पंप दोरी ओढून ओढून हात दुखले तरी सुरू होत नाही, हा अनुभव आपल्यापैकी अनेकांना असेल. जुन्या पंपाच्या बाबतीत दोष बहुतेक वेळा इंजिनाच्या पोटात नसून इंधनात व इंधनाच्या वाटेत असतो. तो घरच्या घरी शोधता येतो.

दोन-स्ट्रोक इंजिनाची गरज

येथे दिलेली माहिती पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून चालणाऱ्या दोन-स्ट्रोक इंजिनासाठी आहे. कोकणात लहान होड्यांच्या मागे लावतात त्या जुन्या यंत्रांपैकी बरीच याच जातीची आहेत व त्यांची दुखणीही सारखीच. या इंजिनात ऑइलची वेगळी टाकी नसते. दट्ट्या, सिलिंडर व बेअरिंग यांना जे काही वंगण मिळते ते पेट्रोलबरोबरच मिळते. म्हणून इंधन बिघडले तर इंजिन केवळ बंद पडत नाही, ते जामही होते. ज्या नवीन पंपांचे इंजिन चार-स्ट्रोक आहे, त्यांच्या पेट्रोलमध्ये ऑइल मिसळू नये.

दोष का उद्भवतो?

आपला पंप साधारणपणे जुलै ते ऑक्टोबर चालतो आणि नंतर सात-आठ महिने कोपऱ्यात पडून राहतो. या काळात टाकीत व कार्बोरेटरमध्ये राहिलेले पेट्रोल उडून जाते, मागे चिकट राळेसारखा थर उरतो आणि जेटचे बारीक छिद्र बुजते.

दुसरे कारण अलीकडचे आहे. देशात पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचे प्रमाण २०२२ साली सरासरी १० टक्क्यांवर पोहोचले. २० टक्के मिश्रणाचे पेट्रोल फेब्रुवारी २०२३ पासून विक्रीस आले व २०२५ मध्ये ते सर्वत्र पोहोचले. हे इथेनॉल उसापासून, मक्यापासून बनते, त्यामुळे त्यात शेतकऱ्याचे हित आहेच. परंतु जुन्या इंजिनाच्या दृष्टीने त्याचे चार गुणधर्म लक्षात ठेवावेत :

१. इथेनॉल हवेतील ओलावा शोषून घेते. पाणी प्रमाणाबाहेर गेले की पाणी व इथेनॉल पेट्रोलपासून वेगळे होऊन तळाशी बसते. ऑइल मात्र वरच्या पेट्रोलमध्येच राहते. टाकीची तोटी तळाशी असल्याने इंजिनाला वंगणाशिवायचे पाणचट द्रव मिळते.
२. टाकीत वर्षानुवर्षे साचलेली घाण ते सोडवते. ही घाण गाळणीत व जेटमध्ये अडकते.
३. जुन्या रबरी नळ्या, वायसर व पडदे फुगतात किंवा कडक होऊन तडकतात.
४. इथेनॉलमध्ये प्राणवायू असल्याने जुन्या जेटवर मिश्रण पातळ होते व इंजिन अधिक तापते.

दोष कसा शोधावा?

घाईने कार्बोरेटर खोलू नये. पुढील क्रमाने तपासणी करावी.

पहिली पायरी – दोरी सावकाश ओढावी. चांगला दाब लागला पाहिजे. दोरी अगदी हलकी येत असेल तर रिंग वा सिलिंडर झिजले असण्याची शक्यता आहे. ते काम मिस्त्रीचे.

दुसरी पायरी – पाच-सहा वेळा दोरी ओढून प्लग काढून पाहावा. प्लग कोरडा असेल तर पेट्रोल पोहोचत नाही. प्लग ओला असेल तर पेट्रोल येते आहे, पण ठिणगी पडत नाही, पेट्रोल जास्त होते आहे किंवा त्यात पाणी आहे. ओला प्लग पुसून, काजळी साफ करून व अंतर साधारण ०.६ ते ०.७ मि.मी. ठेवून पुन्हा बसवावा.

तिसरी पायरी – प्लग कोरडा असल्यास टाकीपासून खाली यावे. प्रथम टाकीचे झाकण सैल करून पाहावे. झाकणातील हवेचे छिद्र बुजले असेल तर इंजिन थोडा वेळ चालून बंद पडते व झाकण सैल करताच चालते. नंतर कार्बोरेटरकडची नळी काढून बाटलीत धरावी व कॉक उघडावा. धार बारीक असेल तर गाळणी, कॉक व नळी साफ करावी. तडकलेली नळी बदलावी.

चौथी पायरी – हेच पेट्रोल पारदर्शक काचेच्या बाटलीत अर्धा तास ठेवावे. तळाशी वेगळा थर दिसला किंवा पेट्रोल गढूळ असले तर टाकीतील सर्व इंधन काढून टाकावे. त्यात नवे पेट्रोल ओतून काम भागवू नये.

पाचवी पायरी – धार चांगली असूनही प्लग कोरडा असेल तर दोष कार्बोरेटरमध्ये आहे. फ्लोटची वाटी काढून साफ करावी. जेट काढून कार्बोरेटर क्लीनरने धुवावे व हवेच्या दाबाने मोकळे करावे. तार किंवा सुई घालू नये, छिद्र मोठे होते. पडद्याच्या कार्बोरेटरमध्ये पडदा कडक झाला असल्यास नवीन बसवावा.

लक्षणांवरून अंदाज

- चोक दिल्यावरच चालते : मिश्रण पातळ, जेट बुजले किंवा कार्बोरेटरच्या गास्केटमधून हवा शिरते.
- धूर फार व ताकद कमी : ऑइल जास्त, एअर फिल्टर घाण किंवा सायलेन्सरमध्ये काजळी.
- कार्बोरेटरमधून पेट्रोल गळते : फ्लोटच्या सुईखाली कचरा किंवा सुई झिजली.
- इंजिन तापून आवाज बदलतो : ऑइल कमी किंवा मिश्रण पातळ. इंजिन त्वरित बंद करावे.

पेट्रोल व ऑइलचे प्रमाण

पंपाच्या पुस्तिकेत दिलेले प्रमाणच पाळावे. २५ : १ असल्यास एक लिटर पेट्रोलला ४० मि.लि., ४० : १ असल्यास २५ मि.लि. व ५० : १ असल्यास २० मि.लि. ऑइल लागते. बाटलीच्या टोपणाने अंदाजे ऑइल टाकू नये, मापाचा पेला वापरावा. तो पेला औषधाच्या मापासाठी घेऊ नये. ऑइल दोन-स्ट्रोक इंजिनाचेच असावे, ट्रॅक्टरचे नको. "ऑइल जास्त घातले म्हणजे इंजिन टिकते" हा समज बरोबर नाही. जादा ऑइलने प्लग व सायलेन्सर काजळीने भरतात. मिश्रण वेगळ्या डब्यात हलवून तयार करावे, जेवढे आठवड्या-दोन आठवड्यांत संपेल तेवढेच करावे व डबा घट्ट बंद करून सावलीत ठेवावा.

सुरक्षितता महत्त्वाची

२०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी व शेतमजुरांचे प्राण गेले. शेतात पंप बंद पडला की औषधाने भरलेल्या हातांनीच नळी काढून तोंडाने ओढणे, जेट तोंडाने फुंकणे हे प्रकार सर्रास दिसतात. ते कटाक्षाने टाळावेत. आधी साबणाने हात धुवावेत. दुरुस्ती उघड्यावर, इंजिन थंड झाल्यावर करावी. जवळ विडी-सिगारेट नको. पेट्रोल सांडले असता ठिणगी तपासू नये.

हंगाम संपल्यावर

शेवटच्या फवारणीनंतर औषधाची टाकी धुऊन तीत स्वच्छ पाणी भरावे. पेट्रोलची टाकी रिकामी करावी व कार्बोरेटरमधील पेट्रोल संपून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवावे. इंजिन थंड झाल्यावर प्लगच्या छिद्रातून चहाचा अर्धा चमचा दोन-स्ट्रोक ऑइल सोडून दोरी दोन-तीन वेळा सावकाश ओढावी व प्लग बसवावा. मृगापूर्वी नळी, गाळणी व पडदा तपासून, ताजे मिश्रण भरून पंप एकदा चालवून पाहावा. अर्ध्या तासाच्या या कामामुळे ऐन फवारणीच्या दिवशी मिस्त्रीची वाट पाहावी लागणार नाही व पीक वेळेवर वाचविता येईल.