ड्राइव्ह ट्रिप झाला? आधी कोड वाचा!

पंप, पंखा किंवा कन्व्हेयर चालता चालता थांबतो आणि पॅनेलवरच्या इवल्याशा पडद्यावर दोन-चार अक्षरं लुकलुकू लागतात. पहिला हात जातो रीसेटच्या बटणाकडे. जरा थांबा! मोटारीचा वेग सांभाळणारा व्हीएफडी, म्हणजे शॉपफ्लोअरवरचा आपला ‘ड्राइव्ह’, त्या अक्षरांतून बरंच काही सांगत असतो.

अलार्म म्हणजे नक्की काय? ते ड्राइव्ह कोणत्या कंपनीचा आहे त्यावर ठरतं. सीमेन्सच्या ड्राइव्हवर ‘ए’ने सुरू होणारा कोड म्हणजे अलार्म. तो नुसता इशारा, मोटार फिरतच राहते. ‘एफ’ने सुरू होणारा कोड म्हणजे फॉल्ट आणि तो बहुतेक वेळा मोटार थांबवतो. डॅनफॉसच्या व्हीएलटी ड्राइव्हवर मात्र इशाऱ्याला ‘वॉर्निंग’ म्हणतात, ‘अलार्म’ आला की ट्रिप, म्हणजे मोटार बंद! दोन्ही ड्राइव्ह एकाच कारखान्यात असतील, तर नव्या ऑपरेटरला हे पहिल्याच दिवशी सांगायला हवं.

जाता जाता: मोठ्या प्रमाणावर तयार झालेला पहिला फ्रिक्वेन्सी कन्व्हर्टर डॅनफॉसचाच, १९६८ सालचा व्हीएलटी ५.

पाच की ‘एस’? छोट्या ड्राइव्हचा पडदा सात रेघांचा असतो. त्यावर ‘एस’ आणि पाच सारखेच दिसतात, ‘ओ’ आणि शून्यही. ‘एम’ आणि ‘डब्ल्यू’ तर धड उमटतच नाहीत. फोनवर कोड सांगताना निम्मा गोंधळ इथेच होतो. फोटो काढून पाठवा.

शेवटचा आकडा सोडू नका. मित्सुबिशीच्या ड्राइव्हवर ‘ई.ओसी१’ म्हणजे वेग घेताना जास्त करंट, ‘ओसी२’ म्हणजे स्थिर वेगात, ‘ओसी३’ म्हणजे वेग उतरताना. अर्धं निदान त्या एका आकड्यात झालेलं असतं. वेग घेताना ट्रिप होत असेल, तर वेग चढवायला दिलेला वेळ कमी पडतोय किंवा लोड अडकलंय. स्टार्ट देताक्षणीच ट्रिप होत असेल, तर केबल किंवा वाइंडिंगमधल्या शॉर्टचा संशय घ्यावा. मोटारीच्या तिन्ही वायर सोडवूनही तोच कोड आला, तर दुखणं बहुधा ड्राइव्हच्याच पोटात आहे.

ओव्हरव्होल्टेज? वीज कंपनीला बोल लावायची घाई नको! हा कोड भल्याभल्यांना चकवतो. ४१५ व्होल्टचा पुरवठा ड्राइव्हमध्ये डीसी होतो, तेव्हा आतल्या डीसी बसवर साधारण ५८५ व्होल्ट असतात. ८०० च्या आसपास गेले की ड्राइव्ह ट्रिप होतो. एवढा दाब येतो कुठून? बऱ्याचदा खुद्द मोटारीकडून. मोठा ब्लोअर थांबवताना ड्राइव्ह फ्रिक्वेन्सी झपाट्याने उतरवतो, पण जड पातं आपल्याच जोरात फिरत राहतं. मग मोटार जनरेटर होते आणि वीज उलटी ड्राइव्हमध्ये ढकलते. श्नायडरने या कोडला ‘ओव्हरब्रेकिंग’ असं नाव दिलंय आणि माझ्या मते सगळ्या कंपन्यांमध्ये तेच सर्वांत प्रामाणिक आहे, कारण ते थेट कारणावर बोट ठेवतं. उपाय सोपा आहे: थांबायला जास्त सेकंद द्या. मशीन झटकन थांबवणं गरजेचंच असेल, तर ब्रेकिंग रेझिस्टर लावा. पुरवठ्याचा दोष कधीच नसतो असं नाही. सबस्टेशनात कपॅसिटर बँक चालू झाली की त्या क्षणीच्या झटक्यानेही ड्राइव्ह ट्रिप होतात.

न शिवता ताप मोजतो. मोटारीत सेन्सर नसला, तरी किती करंट किती वेळ गेला यावरून ड्राइव्ह तिच्या तापण्याचा हिशेब मांडतो. शाफ्टवरचा पंखा कमी वेगात कमी वारा देतो, हेही त्यात धरलेलं असतं. पण मित्सुबिशीच्या एफआर मालिकेत रीसेट केला की साठलेला हिशेब पुसला जातो. मोटार तापलेलीच असते, ड्राइव्हला ती गार वाटते. ओव्हरलोडवर सारखा रीसेट मारणं म्हणजे मोटार जाळण्याची तयारी.

पंप कोरडा चालतोय किंवा पट्टा तुटलाय, हेही वेगळ्या सेन्सरशिवाय कळतं. लोड एकदम हलकं झालं की ड्राइव्हच्या ते लगेच लक्षात येतं. व्हीएलटीच्या यादीत तुटलेल्या पट्ट्याला स्वतंत्र क्रमांक आहे, ९५.

शून्य म्हणजे शून्य नव्हे. बऱ्याच सेन्सरचा सिग्नल ४ ते २० मिलिअँपिअर असतो, म्हणजे सर्वांत कमी मापालाही ४. त्यामुळे करंट पार शून्यावर आला की टाकी रिकामी नाही, वायर तुटलीय हे ड्राइव्हला समजतं. किती साधी आणि किती हुशार युक्ती!

उन्हाळ्याचा कोड. बरेच ड्राइव्ह पूर्ण क्षमतेने चालतात ते भोवतालच्या ४० अंश सेल्सिअसपर्यंतच. चंद्रपूरचा मे महिना ४५ च्या पुढे जातो. त्यात ७५ किलोवॅटचा ड्राइव्ह पूर्ण लोडवर स्वतःच घरच्या गिझरइतकी, म्हणजे दीड-दोन किलोवॅट उष्णता पॅनेलमध्ये सोडतो. अशा वेळी पॅनेलचा फिल्टर धुळीने बुजला असेल, तर ओव्हरटेम्परेचर आलाच म्हणून समजा. मार्च संपायच्या आत फिल्टर झटका आणि पंखे तपासा.

पावसाळ्याचा कोड. टर्मिनल बॉक्समध्ये ओल शिरली की अर्थ फॉल्ट येतो. मग मेगर, म्हणजे जास्त व्होल्टेज देऊन इन्सुलेशन तपासणारा मीटर, निघतो, आणि इथे सांभाळा: केबल ड्राइव्हपासून सोडवल्याशिवाय मेगर लावू नका, नाहीतर त्या दाबाने ड्राइव्हमधले आयजीबीटी, म्हणजे पॉवर स्विच, जाऊ शकतात.

पॅनेल उघडणार असाल, तर एवढं ऐकाच. मेन स्विच बंद केल्यावरही डीसी बसच्या कपॅसिटरमध्ये जीवघेणा दाब उरतो. ड्राइव्हच्या लेबलवर लिहिलेली मिनिटं पूर्ण थांबा, मीटर लावून डीसी व्होल्टेज उतरल्याची खात्री करा, आणि मगच हात घाला.