नाव आपले, किल्ली कुणाकडे?

मैत्रिणींनो, कपाटाच्या किल्ल्या आपण सहसा कुणाच्या हाती देत नाही. शेजारीण कितीही जिवाभावाची असो, जुडगा आपल्याच कमरेला! मग मोबाइलवर आलेला ओटीपी मात्र कुणी विचारला की आपण चटकन का बरे सांगून टाकतो?

सप्टेंबर २०२५ मध्ये ‘माझी लाडकी बहीण’ योजनेसाठी ई-केवायसी सक्तीची झाली. दरमहा १,५०० रुपये मिळणाऱ्या बहिणींना आपला आधार क्रमांक, त्यावरचा ओटीपी आणि शिवाय पतीचा किंवा वडिलांचा आधार व ओटीपी द्यावा लागला. दोघेही हयात नसलेल्या बहिणींची तर मोठीच पंचाईत झाली. पुढे ही मुदत ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत वाढवण्यात आली. बुलढाणा, चिखली, मेहकर, खामगाव कुठेही राहा, नियम एकच.

यात तीन गोष्टी आहेत. त्यांची गल्लत करू नये. पहिली ओळख, म्हणजे दारावरची पाटी. नाव आणि आधारचा १२ आकडी क्रमांक हे त्या पाटीसारखे. दुसरी खातरजमा, म्हणजे किल्ली. ‘मी तीच’ हे पटवून देणारा ओटीपी किंवा अंगठा. आणि तिसरा खासगीपणा, म्हणजे दार कुणासाठी उघडायचे हे ठरवण्याचा आपला हक्क. हा मूलभूत हक्क आहे, असे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने सांगितले.

आता तुम्ही म्हणाल, आमचा आधारला जोडलेला नंबर तर ह्यांचाच आहे! पुष्कळ घरांत असेच असते. यात अविश्वासाचा प्रश्न नाही. पण ते गावाला गेले, सिम बंद पडले, तर पाटी आपली आणि किल्ली दुसऱ्याच्या खिशात, अशी गत होते. म्हणून स्वतःचा नंबर घ्या आणि आधार केंद्रात जाऊन तो जोडून घ्या. लग्नानंतर नाव बदलले असेल तर आधार आणि बँकेचे पासबुक यांवर ते एकच आहे ना, तेही पाहून घ्या.

अंगठ्याचे मात्र निराळे आहे. किल्ली हरवली तर कुलूप बदलता येते, अंगठा कसा बदलणार? आधार क्रमांक, बँकेचे नाव आणि अंगठा एवढ्यावर ओटीपीशिवायही खात्यातून पैसे काढता येतात. तेव्हा यंत्रावर बोट ठेवण्यापूर्वी रक्कम विचारा आणि नंतर पावती मागून घ्या. भांडी घासून, कापूस वेचून बोटांच्या रेषा पुसट झाल्या तर यंत्र ठसा घेत नाही. अशा वेळी पुन:पुन्हा बोट ठेवावे लागते, पण दर वेळी पावती तपासाच.

एवढे जरूर करा :

• आधारच्या अ‍ॅपवर किंवा संकेतस्थळावर बायोमेट्रिक ‘लॉक’ करा. गरजेपुरते उघडा, पुन्हा लावा.

• हॉटेलात वा दुकानात प्रत मागितली तर शेवटचे चारच आकडे दिसणारे ‘मास्क्ड आधार’ द्या. झेरॉक्सवर कारण आणि तारीख लिहा.

• ‘बँकेतून बोलतोय’ म्हणून फोन आला तरी ओटीपी सांगू नका. फसवणूक झालीच तर लाजू नका, लगेच १९३० वर कळवा. आधारच्या शंकेसाठी १९४७ आहे.

केंद्रावर सगळे कागद पुढे करून ‘भाऊ, तुम्हीच करा’ म्हणणे सोपे असते. फॉर्म त्याला भरू द्या, पण ओटीपीचे आकडे आपल्या बोटांनीच दाबा!