तरंगता ब्रिज सांभाळताना

इलेक्ट्रिक गिटारचा तरंगता ब्रिज दोन ओढींच्या मधोमध तोललेला असतो. वरून सहा तारा एकीकडे ओढतात, पाठीमागच्या खोबणीतल्या स्प्रिंगा दुसरीकडे. म्हणूनच ब्रिजला जोडलेली दांडी दाबली की सूर उतरतो, वर खेचली की चढतो. 1954च्या फेंडर स्ट्रॅटोकास्टरमुळे ही रचना घरोघरी पोचली.

खरी कसोटी सूर लावताना. एक तार चढवली की ब्रिज किंचित पुढे कलतो आणि आधी जुळवलेल्या तारा उतरतात. सहाही तारांवरून पुन्हापुन्हा फिरावं लागतं. ऐन कार्यक्रमात तार तुटली तर उलटंच होतं, उरलेल्या पाचही चढतात.

नऊऐवजी दहा गेजच्या, म्हणजे जाड तारा घातल्यात तर मागचं झाकण काढा. स्प्रिंगा अडकवलेल्या पट्टीचे दोन स्क्रू अर्धा फेरा आवळा, सूर लावा, ब्रिज समांतर आला का ते बाजूने बघा. घाई करू नका.

तारतुटीचीच धास्ती असेल, तर ब्रिजखालच्या ठोकळ्याच्या स्प्रिंगांकडच्या बाजूला लाकडाचा तुकडा बसवा. मग सूर फक्त उतरवता येतो, पण बाकीच्या तारा जागच्या हलत नाहीत. एरिक क्लॅप्टन तर ब्रिज पूर्णच जाम करून वाजवतात. मी मात्र अर्धाच अडवायला सांगेन. दांडीची लज्जत त्यात शिल्लक राहते.